फिश टँकमधली साथ आणि ‘फंगस’ हा शब्द : पार्श्वभूमी

जूनमध्ये बेळगावात पावसाची झड लागली की चार-सहा दिवसांत फिश टँकच्या दुकानांत एकच विचारणा सुरू होते : ‘फंगसचं औषध आहे का?’ टिळकवाडी असो, शहापूर असो की निपाणी, प्रश्न तोच. या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे आजार खपवले जातात, आणि त्यातल्या एका आजारात जो उपाय माशाला तारतो तोच दुसऱ्या आजारात मारतो.

औषधांचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आणणाऱ्या एकपेशीय परजीवीला शास्त्रीय नाव मिळालं १८७६ साली. त्याच वर्षी जर्मनीत मिथिलीन ब्लू हा रंग तयार झाला. तो आधी माणसाच्या हिवतापावर वापरून पाहिला गेला, माशांपर्यंत नंतर आला. मॅलाकाइट ग्रीनही मूळचा कापडाचाच रंग. १९३० च्या दशकात मत्स्यपालनात तो बुरशीवर वापरात आला. खाण्याच्या माशांसाठी आज अनेक देशांत त्याला बंदी आहे, शोभेच्या माशांच्या बाटल्यांत तो अजून सापडतो. तोंडाशी कापसासारखा थर आणणारा आजार १९२२ मध्ये मिसिसिपी नदीतल्या माशांवर नोंदला गेला, आणि तो जिवाणूचा आहे हे तेव्हाच लिहिलं गेलं. म्हणजे तो बुरशी नाही हे कळून शंभर वर्षं उलटली.

तरी नाव चिकटलंच. इकडे त्याला भाषेनेही हात दिला. शिळ्या भाकरीवर येतो तो आपला बुरा, शेजारच्या कन्नड घरात बूष्टु. माशाच्या अंगावर पांढरी लव दिसली की दोन्ही घरांत तोच शब्द निघतो. दुकानातल्या बाटलीवरही ‘अँटी-फंगस’ छापलेलं असतं. खरी पाणबुरशी बहुतेक वेळा जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर, गार पाण्यात धरते. तिचे तंतू लांब आणि मोकळे, पाण्यासोबत हलणारे. जिवाणूचा थर आखूड, राखाडी-पिवळसर. तो ओठांच्या कडेला दिसतो, नाहीतर पाठीवर खोगिरासारखा पट्टा पडतो. हा जोरात आला तर दोन दिवसांत टाकी रिकामी होते.

खरा वाद आहे हीटरचा. ठिपक्यांसाठी पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेणं रास्तच आहे. परजीवी कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तळाशी कोशात असतानाही नाही. कोश फुटून पोहत निघालेली त्याची पिल्लं तेवढी मरतात. ऊब मिळाली की हे चक्र लवकर फिरतं आणि ती पिल्लं लवकर बाहेर पडतात. ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार थांबवायचे नाहीत, ते याचसाठी. पण जिवाणूलाही नेमकी तीच ऊब मानवते, शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. स्वस्त काचेचे हीटर घरोघर आले तसा ‘पांढरं दिसलं की हीटर वाढवा’ हा सल्ला पसरला आणि आजही दिला जातो. माझ्या मते इकडच्या टाक्यांचं सर्वात जास्त नुकसान याच सल्ल्याने केलं. आमच्याकडे एका रात्री याच सल्ल्यावरून पाणी २६ वरून ३१ अंशांवर नेलं होतं. सकाळी आठांतल्या सहा काळ्या मॉली तळाशी आडव्या होत्या. ओठ पांढरे पडलेले, कल्ले उघडे. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग पाणी. शहरात राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी येतं. पूर्वी नळाला काही दिवसांआड पाणी यायचं, ते बॅरलमध्ये साठवलं जायचं, त्यातला क्लोरीन आपसूक उडून जायचा. २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं. माणसांची मोठी सोय झाली. पण त्या घरांत नळाची पाइप थेट माशांच्या टाकीत सोडायची सवय लागली. क्लोरीनने कल्ले भाजतात, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, पावसाळ्यात वर गार पाण्याचा धक्का. ठिपक्यांना आणखी काय हवं? जुने हौशी लोक फोटो स्टुडिओतून हायपोचे, म्हणजे फोटो धुण्याच्या रसायनाचे, खडे आणून क्लोरीन मारत. तोच पदार्थ आता ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून बाटलीत मिळतो.

२०२० च्या टाळेबंदीनंतर टाक्या वाढल्या आणि बाहेरगावाहून रात्रीच्या बसने, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येणारे मासेही वाढले. प्रवासाने थकलेला मासा सरळ मोठ्या टाकीत सोडला की साथ त्याच्याबरोबरच आत जाते. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा, हे आता बरेच जण पाळतात. दुसरी टाकी नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात जाड प्लॅस्टिक अंथरून, एक छोटा एअर पंप आणि जुन्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा टाकून काम भागवतात.