फॉगलाइट बसवल्यावर गाडी त्रास देतेय? लाइट काढून आणू नका!

पहिला पाऊस पडला, महाबळेश्वरच्या रस्त्यावर धुकं उतरलं, की साताऱ्यातल्या आमच्या दुकानात दोन प्रकारच्या दुचाकी येतात. एक फॉगलाइट बसवायला. दुसरी, कुणीतरी फॉगलाइट बसवल्यामुळे. दुसऱ्या प्रकारच्या जास्त असतात. रोज तेच तेच समजावून सांगताना हातातलं काम अडतं, म्हणून एकदाच लिहून काढलं.

सर्वांत आधी सर्वांत महत्त्वाचं. गाडी दाखवायला आणताना लाइट, स्विच, वायरी काढून टाकू नका. जशी बिघडली तशीच आणा.

का काढून आणतात, ते आम्हाला माहीत आहे. कुणाला वाटतं आम्ही रागावू. कुणी आधी शोरूमला वॉरंटीसाठी जाऊन आलेला असतो आणि तिथे दिसू नये म्हणून आदल्या रात्री अंगणात बसून सगळं उतरवतो. पण उतरवताना निघतो तो फक्त लाइट. गाडीच्या मूळ वायरिंगला जिथे जोड मारलाय, तो टाकीखाली तसाच राहतो. लाइट जागेवर असेल तर त्याची वायर धरत मागे गेलं की दहा मिनिटांत जोड सापडतो. लाइटच नसेल तर धरायचं टोकच नाही. मग टाकी उतरवा, सीट काढा, हेडलाइटचं डोकं खोला आणि हार्नेसवरची, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्यावरची, टेप वीतभर वीतभर सोलत बसा.

मागच्या पावसाळ्यात कोरेगाव बाजूची एक गाडी आली होती. तक्रार एकच, चालता चालता मध्येच सगळं बंद, मेन फ्यूज उडालेला. “जादा काही बसवलं होतं का?” “नाही.” अडीच तास गेले. शेवटी टाकीखाली बोटाएवढं लाल वायरीचं टोक सापडलं. टेपेचा डिंक इंजिनच्या उष्णतेने वितळून टेप सरकली होती आणि आतली तार उघडी पडली होती. हँडल पूर्ण डावीकडे वळलं की ती तार फ्रेमला टेकायची. मालक म्हणाले, “हां, ते लाइट होते ना, ते मी परवाच काढले.” त्या दिवशी आम्ही अर्ध्या तासाचेच पैसे घेतले. आता तसं करत नाही. लागेल तेवढ्या वेळाचे घेतो.

आता लक्षणांकडे वळू. बऱ्याच वेळा नुसत्या वर्णनावरून दोष कुठे असेल ते कळतं, म्हणून नीट पाहून ठेवा.

हँडल एका बाजूला वळवल्यावर लाइट विझत असेल किंवा गाडी बंद पडत असेल, तर वायर हँडलच्या मानेपाशी ताणली जातेय किंवा घासतेय. घरी तपासता येतं. गाडी मेन स्टँडला लावा, चावी ऑन करा, लाइट लावा आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

इंजिन रेस केल्यावर लाइट मोठा होत असेल आणि सोडल्यावर मिणमिणत असेल, तर लाइन हेडलाइटवरून घेतलेली असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच १००–११० सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, थेट इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइल प्लेटमधून येणाऱ्या एसी करंटवर चालतो. त्या लाइनवर डीसीचा एलईडी लावला तर तो फडफडतो आणि थोड्या दिवसांत जातो. मग गिऱ्हाईक एलईडीच्या कंपनीला शिव्या घालतं. दोष एलईडीचा नाही, लाइन चुकीची आहे.

हॉर्न दाबला की लाइट मंद होतो, हेडलाइट पिवळा पडतो, स्विच हाताला गरम लागतो? मग हॉर्नच्या किंवा पार्किंगच्या वायरीला पीळ मारून काम उरकलंय. हिशेब साधा आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर. हॉर्नची बारीक वायर आणि हँडलवरचं स्विच एवढा करंट सतत वाहायला बनवलेलंच नाही. शिवाय बऱ्याच लहान गाड्यांत सगळ्याला मिळून एकच मेन फ्यूज असतो. तो उडाला की लाइटच नव्हे, गाडीच रात्री घाटात उभी.

सकाळी सेल्फ उचलत नाही, ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण नवी बॅटरी टाकूनच येतात. नवीही चार दिवसांत उतरते, मग येतात. लाइन थेट बॅटरीवरून घेतली असेल तर चावी काढली तरी लाइट चालू राहतो. ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर ३ अँपिअरचे लाइट राहिले तर पावणेदोन तासांच्या आत ती रिकामी. मोबाइल चार्जरचं तसंच. नुसता जोडून ठेवलेला, २० मिलीअँपिअर खाणारा चार्जरसुद्धा दिवसाला अर्धा अँपिअर-तास ओढतो, म्हणजे गाडी दहा दिवस उभी राहिली की बॅटरी संपली. नवी बॅटरी घेण्याआधी आमच्याकडे या. बॅटरी आम्हीही विकतो, पण गरज नसताना विकलेली बॅटरी वॉरंटीत परत आमच्याच टेबलावर येते.

राहिलं अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट. लेगगार्डवर लाइट लावला आणि त्याच बोल्टाखाली काळी वायर दाबली, हे रोज दिसतं. गार्डवर पावडर कोटिंग असतं, त्यातून करंट परत जाणार कसा? मग तो दुसरी वाट शोधतो. इंडिकेटर दिला की मीटरमधला भलताच दिवा अंधुक पेटतो, ते त्यामुळेच. काळी वायर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यायची, विषय संपला.

घरी मल्टिमीटर असेल तर तीन आकडे लक्षात ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन चालू करून, फॉगलाइट लावून, थोडा रेस देऊन १३.५ च्या वर गेले पाहिजेत. तिथे १२.५ वरच अडकले, तर तुमचे लाइट कॉइल प्लेटच्या ताकदीपेक्षा जास्त खातायत किंवा चार्जिंगमध्येच दोष आहे. आणि रेस दिल्यावर १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर गेलाय, गाडी फार पळवू नका.

“पूर्वी कुठे होतं हे सगळं? आमच्या जुन्या गाडीला कसेही लाइट लावले तरी चालायचे,” असं म्हणणारे खूप आहेत. बरोबर आहे. पण १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच असतो, बंद करायचं बटणच नाही. म्हणजे तेवढी वीज आधीच खर्चात धरलेली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम, आला आणि कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. आता पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तिघेही विजेवर. जुनी गाडी बॅटरी पार मेली तरी किकवर निघायची. नवीला व्होल्टेज पडलं की पंपच फिरत नाही, मग धक्का मारून घाम तेवढा निघतो.

आमच्याकडे काम महाग का, याचं उत्तर देतो. बाहेर पाऊण तासात लाइट लागतात, आम्हाला तीन तास लागतात. आम्ही कंपनीची वायर कापत नाही. प्रत्येक जोडीला वेगळी १.५ एमएमची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, आणि रिले, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारं स्विच. रिलेच्या ३० नंबरला बॅटरी, ८७ ला लाइट, ८५ ला अर्थ, ८६ ला स्विचमधून आलेली चावीवरची लाइन. चावी बंद तर लाइट बंद, विसरण्याचा प्रश्नच नाही. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवतो. पीळ मारून टेप लावलेला जोड एका पावसाळ्यानंतर सोलून बघा, आत तांबं हिरवं झालेलं दिसेल. आमचा हार्नेस कपलरवर (काढता-घालता येणाऱ्या प्लगवर) असतो, उद्या गाडी विकायची झाली तर पंधरा मिनिटांत सुटा होतो. फ्यूज कुठे आहे आणि किती अँपिअरचा, ते सीटखाली चिकटवून देतो.

फ्यूजवरून आठवलं. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून गाडी घरी नेणारे हुशार लोक अजून आहेत. अशीच एक गाडी आमच्याकडे टेम्पोतून आली. फ्यूजवरची चांदी शाबूत होती, टाकीखालची वायरिंग वितळून एकजीव झाली होती. १० चा उडाला तर १० चाच टाका. दुसराही उडाला तर फॉगलाइटचं स्विच बंद करून तिसरा टाका. तरीही उडाला तर थांबा आणि फोन करा.

खरेदीबद्दल थोडं. खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. “१२० वॅट” छापलेली एक जोडी आम्ही मोजली तर जेमतेम दीड अँपिअर, म्हणजे १८ वॅट. धुक्यात ताकदीपेक्षा लाइट खाली बसवणं आणि त्याचा पसारा रुंद असणं कामाला येतं. वर लावलेला झगझगीत पांढरा लाइट धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा लाइट आम्ही लावत नाही, कितीही गळ घाला. लाइट बाहेरून आणलात तरी चालेल, हार्नेस मात्र आमचा. दुसऱ्याच्या वायरिंगवर आम्ही वॉरंटी देत नाही, स्वतःच्या कामावर एक वर्ष देतो.

तपासणीचे २५० रुपये. दुरुस्ती आमच्याकडेच केलीत तर ते बिलातून वजा. येताना लाइटचं खोकं असेल तर आणा. आधीच काही काढलं असेल तर त्या वायरी पिशवीत घालून आणा, टाकू नका. आणि गाडी ढकलस्टार्ट करून किंवा बॅटरी चार्ज करून आणली असेल, तर काउंटरवर आधी तेवढं सांगा.