'रिअलटाइम' केल्यानं कॉम्प्युटर पळत नाही

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या डीटीपीवाल्यांत एक नुस्खा फार जुना आहे: मराठी-कन्नड लग्नपत्रिकेची फाइल अडकली की टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रामची प्रायॉरिटी 'रिअलटाइम' करा, मशीन पळतं.

पळत नाही. एका कोअरसाठी (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एका भागासाठी) दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या कामाचे धागे, तयार उभे असतील तर आधी कुणाला सोडायचं, एवढंच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रायॉरिटी बघून ठरवतो. विंडोजमध्ये 0 ते 31 असे स्तर असतात; 'नॉर्मल' 8 वर, 'हाय' 13 वर, 'रिअलटाइम' 24 वर. प्रोसेसर रिकामाच असेल तर 8 काय नि 24 काय! फाइल बहुतेकदा अडकते ती मंद हार्डडिस्क नि अपुऱ्या रॅममुळं. तेव्हा थ्रेड डिस्कची वाट बघत झोपलेला असतो, रांगेत नसतोच.

उलट 24 वरचा प्रोग्राम सलग राबू लागला तर माउससुद्धा अडखळतो. (ॲडमिनचे अधिकार नसतील तर विंडोज गुपचूप 'हाय'च देतं, हे एका अर्थी बरंच.)

लिनक्समध्ये प्रायॉरिटीचा आकडा म्हणजे 'नाइस'; तो -20 ते 19 असतो, नि जितका मोठा तितकं काम मागं. एकाच कोअरवर 0 आणि 5 नाइसची कामं भिडली तर वेळ साधारण 3:1 वाटला जातो. उपाशी कुणी राहत नाही.

घाईच असेल तर मागं चाललेलं जड काम 'लो' करा, आणि उरलेले पैसे एसएसडीत घाला.