एफए कप, १८७१–७२

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने भरवलेल्या चषक स्पर्धेचा हा पहिला हंगाम. ही स्पर्धा आजही चालू असून राष्ट्रीय पातळीवरच्या फुटबॉल स्पर्धांमध्ये ती जगात सर्वांत जुनी आहे. पहिल्या फेरीचे सामने ११ नोव्हेंबर १८७१ रोजी झाले आणि अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर झाला. वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सचा १–० असा पराभव करून चषक जिंकला.

स्पर्धेची कल्पना असोसिएशनचे सचिव चार्ल्स अल्कॉक यांची. हॅरो शाळेत शिकत असताना तिथल्या वसतिगृहांमधल्या, हरला तो बाद या पद्धतीच्या लढती त्यांनी पाहिल्या होत्या. २० जुलै १८७१ च्या सभेत त्यांनी तोच प्रस्ताव सगळ्या संलग्न क्लबांसाठी मांडला. हेच अल्कॉक पुढे सरे क्रिकेट क्लबचे सचिव झाले आणि १८८० मध्ये इंग्लंडमधला पहिला कसोटी सामना त्यांनी याच ओव्हलवर घडवून आणला. दोन खेळांच्या इतिहासात इतकी मोलाची कामगिरी असलेला संघटक क्वचितच सापडेल.

स्पर्धेत १५ संघांनी नावे दिली, पण त्यांतले काही एकही सामना न खेळता बाहेर पडले. बाद पद्धतीचे तत्त्वही या हंगामात काटेकोरपणे पाळले गेले नाही. बरोबरी झाली तर दोन्ही संघांना पुढच्या फेरीत घेण्याची मुभा नियमांत होती आणि संघांची संख्या विषम झाली की एखाद्याला थेट पुढे चाल मिळे. विजेत्यांची वाटचाल पाहिली की हे स्पष्ट होते. हॅरो चेकर्सने माघार घेतल्यामुळे वाँडरर्सला पहिली फेरी खेळावीच लागली नाही. दुसऱ्या फेरीत त्यांनी क्लॅपहॅम रोव्हर्सला हरवले. तिसऱ्या फेरीत क्रिस्टल पॅलेसशी गोलशून्य बरोबरी झाली आणि दोन्ही संघ उपांत्य फेरीत गेले. म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत त्यांच्या खात्यावर एकच विजय होता.

उपांत्य सामन्यात त्यांची गाठ ग्लासगोच्या क्वीन्स पार्कशी पडली. स्कॉटलंडमध्ये तेव्हा स्वतंत्र असोसिएशन नव्हती, त्यामुळे हा क्लब इंग्लंडच्या स्पर्धेत उतरला होता. आधीच्या फेऱ्यांत त्याला एकही सामना खेळावा लागला नव्हता. वर्गणी जमवून खेळाडू लंडनला आले आणि त्यांनी वाँडरर्सला ०–० असे रोखून धरले. पण फेरसामन्यासाठी लंडनला राहण्याचा किंवा पुन्हा येण्याचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता. त्यांनी माघार घेतली. न हरताच स्पर्धेबाहेर गेलेला हा संघ या हंगामातला खरा दुर्दैवी संघ म्हणावा लागेल.

अंतिम सामन्यासाठी पारडे रॉयल इंजिनिअर्सचे जड मानले जात होते. सैन्यातल्या अधिकाऱ्यांचा हा संघ एकमेकांना साथ देत खेळण्याबद्दल प्रसिद्ध होता. प्रवेशाला एक शिलिंग लागे. तरी सुमारे २,००० प्रेक्षक आले. सुरुवातीच्या दहाएक मिनिटांतच इंजिनिअर्सच्या लेफ्टनंट एडमंड क्रेसवेल यांचे गळपट्टीचे हाड मोडले. बदली खेळाडूची पद्धत नव्हती. क्रेसवेल मैदान सोडून गेले नाहीत, शेवटपर्यंत खेळत राहिले. त्यानंतर थोड्याच वेळात मॉर्टन बेट्स यांनी सामन्यातला एकमेव गोल केला. बेट्स त्या दिवशी ‘ए. एच. चेकर’ या टोपणनावाने उतरले होते. वाँडरर्सपुढे न खेळताच माघार घेतलेल्या हॅरो चेकर्सचेच ते सदस्य, आणि नावातली खूण तीच होती. गोलच्या खांबांवर तेव्हा आडवी दांडी नसून फीत बांधलेली असे आणि प्रत्येक गोलनंतर संघ बाजू बदलत.

विजेत्या संघाचे कर्णधार खुद्द अल्कॉकच होते. सुमारे २० पौंड किमतीचा चांदीचा चषक त्यांना एप्रिलमध्ये लंडनच्या पॉल मॉल उपाहारगृहातल्या एका मेजवानीत देण्यात आला. विजेत्याला आव्हान देणारा संघ ठरवणे हाच स्पर्धेचा मूळ हेतू असल्याने पुढच्या हंगामात वाँडरर्सला थेट अंतिम सामन्यात स्थान मिळाले. १८७३ चा तो सामनाही त्यांनी जिंकला. गतविजेत्याला दिलेली ही सवलत त्यानंतर पुन्हा कधी वापरली गेली नाही.