ऑलंडची स्वायत्त राज्यव्यवस्था

ऑलंड हा बाल्टिक समुद्रातला, स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधोमध पसरलेला द्वीपसमूह फिनलंडचा स्वायत्त प्रदेश आहे. लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास, भाषा स्वीडिश, राजधानी मारीहाम्न. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा इथल्या लोकांना स्वीडनमध्ये सामील व्हायचे होते. फिनलंडने १९२० मध्ये देऊ केलेली स्वायत्तता त्यांनी आधी झिडकारली. वाद राष्ट्रसंघापुढे (लीग ऑफ नेशन्सपुढे) गेला. १९२१ च्या निर्णयाने बेटे फिनलंडकडेच राहिली, पण तिथली भाषा, चालीरीती आणि जमिनीची मालकी जपण्याची हमी फिनलंडला द्यावी लागली.

शिक्षण, आरोग्य, पोलीस, टपाल, पर्यावरण या विषयांचे कायदे ३० सदस्यांचे विधिमंडळ, म्हणजे लागटिंग, करते. परराष्ट्र व्यवहार, न्यायालये, सीमाशुल्क आणि बहुतेक फौजदारी कायदा हेलसिंकीकडे, म्हणजे फिनलंडच्या केंद्राकडे, आहे. खरी कसोटी लागते ती या दोन यादींच्या सीमेवर, आणि ऑलंडच्या व्यवस्थेचे मोठेपण तिथेच दिसते. लागटिंगचा प्रत्येक कायदा आधी ऑलंड प्रतिनिधी मंडळ तपासते. त्यात फिनलंड सरकारचे दोन आणि लागटिंगचे दोन सदस्य असतात. अध्यक्षपद सहसा राज्यपालांकडे असते. हे राज्यपालही राष्ट्राध्यक्षांना लागटिंगच्या सभापतींशी सहमती करूनच नेमावे लागतात. शंका उरली तर सर्वोच्च न्यायालयाचे मत घेतले जाते. राष्ट्राध्यक्ष कायदा फेटाळू शकतात ते दोनच कारणांनी: त्याने अधिकारकक्षा ओलांडली असेल किंवा देशाच्या सुरक्षिततेला बाधा येत असेल. तेही चार महिन्यांच्या आत. धोरण पटले नाही, एवढे कारण पुरत नाही. मूळ स्वायत्तता कायदाही फिनलंडच्या संसदेला एकतर्फी बदलता येत नाही. लागटिंगचे दोन तृतीयांश बहुमत लागते.

मुख्य कर केंद्र गोळा करते आणि ठरलेला वाटा परत देते. तो खर्च कसा करायचा हे लागटिंग ठरवते.

जमीन घेण्यासाठी आणि लागटिंगच्या निवडणुकीत मत देण्यासाठी रहिवासहक्क लागतो. तो पालकांकडून जन्मतः मिळतो. बाहेरून आलेल्याला फिनलंडचे नागरिकत्व, पाच वर्षांचे वास्तव्य आणि स्वीडिशचे पुरेसे ज्ञान दाखवावे लागते. पाच वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास हा हक्क जातो. बाहेरच्याला ही अट जाचक वाटेल, पण एवढ्या छोट्या समाजाची जमीन आणि भाषा तिच्यामुळेच टिकली.

१९९५ मध्ये फिनलंडबरोबर ऑलंडही युरोपीय संघात आला, मात्र वेगळ्या करारानिशी. ऑलंड संघाच्या अप्रत्यक्ष करक्षेत्राबाहेर राहिल्याने स्टॉकहोम ते हेलसिंकी फेऱ्या करणारी प्रवासी जहाजे मारीहाम्नला थोडा वेळ थांबतात आणि त्या बळावर जहाजावर करमुक्त विक्री करतात.