घायपातीच्या दांड्यावर स्वार

अगेव्हच्या 'लाकडा'चे सर्फबोर्ड, म्हणजे लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या, कुणी घरी बनवताना दिसलं, की मला आधी त्या शब्दालाच हरकत घ्यावीशी वाटते. अगेव्ह म्हणजे घायपात. तिला नाव घेण्याजोगं खोडच नसतं, जमिनीलगत काटेरी पानांचा गुच्छ तेवढा. बोर्ड होतो तो तिच्या फुलोऱ्याच्या दांड्याचा. ती शंभर वर्षांतून एकदा फुलते ही लोणकढी थाप आहे. अगेव्ह अमेरिकाना साधारण 10 ते 30 वर्षांत फुलते. मात्र एकदाच, मग मरते.

वर्षानुवर्षं जमवलेली साखर अन् पाणी ती या एका दांड्यावर उधळते. काही महिन्यांत तो 6 ते 8 मीटर उंच जातो. एवढ्या घाईचं बांधकाम भरीव कसं असेल?

सागासारख्या द्विदल झाडात सालीच्या आत विभाजी ऊतींचा थर असतो, एधा. ती दरवर्षी नवं लाकूड रचते. घायपात एकदल, तिच्या दांड्यात एधा नाही. मूल ऊतींचा, म्हणजे पातळ भिंतींच्या मऊ पेशींचा, भुसभुशीत गाभा आणि त्यात विखुरलेले जलवाहिन्या-रसवाहिन्यांचे जुडगे, भोवती दृढ ऊतींचे, म्हणजे जाड भिंतींच्या टणक पेशींचे, चिवट तंतू. हे जुडगे मध्ये विरळ, कडेला दाट. दांडा वाळला की पेशींतल्या पाण्याची जागा हवा घेते. मग तो बाल्सा या अतिहलक्या लाकडाच्या पंगतीला बसण्याइतका हलका होतो.

कडेला दाट असण्यात मोठी हुशारी आहे. कुठलीही वस्तू वाकते तेव्हा एक अंग ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं. मधोमध जवळपास काहीच घडत नाही. म्हणून ताकद बाहेरच्या कडांना हवी. त्यात ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो : जाडी दुप्पट, ताठपणा आठपट. कारागीर दांडे उभे चिरतो, फळ्या शेजारी शेजारी चिकटवतो, रंधा मारून आकार देतो. या चिरफाडीत दांड्याची मूळ रचना मोडते. ती तो फायबरग्लास (काचतंतूंचं कापड) आणि रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) यांचं कातडं चढवून परत उभी करतो. गाभ्याचं काम एवढंच : दोन्ही कातडी एकमेकांपासून दूर ठेवायची आणि सरकू द्यायची नाहीत.

या कातड्यामुळेच 'शंभर टक्के नैसर्गिक बोर्ड' ही जाहिरात मला पटत नाही. दांडा निसर्गाचा, रेझिन कारखान्याचं.

शिवाय हा गाभा रेझिन ढोसतो. टोकांना जास्तच, कारण जलवाहिन्यांची तोंडं तिथे उघडी पडतात. म्हणून आधी रेझिनचा पातळ हात देऊन छिद्रं बुजवतात. तेही ऊन चढताना नव्हे. पेशींतली हवा तापून फुगते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे सोडते. बोर्ड निवत असताना हात दिला तर आतली हवा आकसते आणि रेझिन छिद्रांत ओढलं जातं.