पुढे आलेला तळहात

तंबाखू-चुना मळून झाला की तळहातावर दोन थापा पडतात, भुकटी उडते आणि तोच तळहात शेजारच्यापुढे येतो. ‘ले ना भो, काही व्हत नही.’ एसटी स्टँडच्या मागे, कापसाच्या बांधावर, केळी भरायला उभ्या ट्रकच्या सावलीत, खानदेशातल्या शाळकरी पोराचा निर्णय होतो तो इथे. विचाराला वेळ दोन-तीन सेकंदांचा. पुडीच्या ८५ टक्के भागावर छापलेलं कर्करोगाचं चित्र तेव्हा कुणाला दिसत नाही.

पोराला धोका ठाऊक नसतो, असं नाही. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४ च्या पुढची माणसं अशा ३०६ जणांना तपासलं. एकटं असताना मुलं मोठ्यांइतकीच जपून खेळली. शेजारी दोन मित्र बसवले, तर मुलांनी घेतलेला धोका जवळपास दुप्पट झाला. मोठ्यांत मात्र फरक पडला नाही. म्हणजे उणीव माहितीची नाही. मित्रांच्या नजरेखाली ती माहिती कामाला येत नाही, एवढंच.

म्हणून फुप्फुसांचे तक्ते लावून केलेलं भाषण वाया जातं. कधी ते उलटतंही. अमेरिकेने १९९८ ते २००४ या काळात गांजाविरोधी जाहिरातींवर जवळपास १०० कोटी डॉलर मंजूर केले. मूल्यमापनात फायदा दिसला नाही. उलट जाहिराती जास्त पाहणाऱ्या मुलांचा ‘बरीच पोरं ओढतात’ हा समज बळावल्याची चिन्हं दिसली. ‘आजची पिढी व्यसनाच्या विळख्यात’ असं व्यासपीठावरून सांगणारे पाहुणे नकळत तेच करतात.

खरा आकडा वेगळा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत होते, मुलींमध्ये ७.४ टक्के. (मिसरीला आपल्याकडे व्यसन म्हणत नाहीत, ती ‘दात घासायची’ असते.) वर्गात हे दाखवायची सोपी रीत आहे. प्रत्येकाने बिननावाच्या चिठ्ठीवर दोन उत्तरं लिहायची: वर्गातले किती जण खातात असं वाटतं, आणि गेल्या महिन्यात मी खाल्ली का. अंदाज सहसा फुगलेला निघतो आणि फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी आले की वर्ग गप्प होतो. मात्र चिठ्ठ्या आधी एकट्याने मोजा. खरा आकडाच मोठा निघाला तर तो जाहीर करू नका, नाहीतर तुम्हीच जाहिरात केलीत.

त्यानंतरचं काम सरावाचं. कोऱ्या कागदावर प्रत्येकाने ‘जर… तर…’ असं एक वाक्य लिहायचं. मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांनी अभ्यासलेली ही पद्धत. जागा, माणूस, वेळ नेमकी हवी. इथे एक चूक हमखास होते: ‘तर मी खाणार नाही.’ नकाराने बांधलेला बेत कच्चा पडतो, कारण डोक्यात पुन्हा तंबाखूच घोळते. ‘स्टँडमागे त्याने हात पुढे केला, तर मी हात खिशात घालेन आणि म्हणेन, माले नको भो, सकायले मॅच शे.’ हे वाक्य चालतं. ते तोंडाने, उभं राहून, जोडीदाराने खरंच तळहात पुढे केल्यावर म्हणायचं. पहिल्यांदा सगळे हसतात. तिसऱ्या खेपेला उत्तर अडखळत नाही.

दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात झालेल्या ‘मैत्री’ प्रकल्पात सहावी आणि आठवीच्या मुलांबरोबर असंच काम झालं. वर्गातले उपक्रम त्यांच्यातलीच निवडलेली मुलं चालवत. दोन वर्षांत तंबाखूचा वापर प्रकल्प नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या शाळांत ६८ टक्क्यांनी वाढला, प्रकल्पाच्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला. सहावी ही सुरुवात लवकरची वाटेल, पण २०१९ च्या त्याच सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखू कधीतरी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहावा वाढदिवस येण्याआधीच चाखली होती.

एक तास घेऊन मोकळं होऊ नये. मानसशास्त्रज्ञ बोटविन यांच्या, शाळकरी मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यासाठीच्या जीवनकौशल्य कार्यक्रमात पहिल्या वर्षी १५ तास, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी ५ असतात. उजळणी गाळली की परिणाम विरतो. आणि ‘बिघडलेली’ पोरं वेगळी काढून त्यांचाच गट करण्याचा मोह टाळा. १९९९ साली मानसशास्त्रज्ञ डिशियन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा गटात मुलं एकमेकांच्या उनाडकीला हसून दाद देतात आणि ती वाढते.

सगळ्यात अवघड नकार मित्राला नसतो. ‘जा रे, पुडी लयी ये,’ असं आबांनीच सांगितलं, तर खिशात हात घालून भागत नाही. या प्रसंगाचा सराव वेगळा घ्यावा, आणि उत्तर कायद्यावर टेकवावं: १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ‘आबा, दुकानदार मला देत नाही.’ अर्थात, टपरीवाला खरोखरच देत नसेल, तरच हे वाक्य टिकतं. तेव्हा शाळेभोवतीच्या १०० यार्डांत किती टपऱ्या आहेत, ते मुख्याध्यापकांनी आधी पायी मोजून यावं.