साम्यवादाचे शालेय अध्यापन

इतिहास, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र या सामाजिक शास्त्रांच्या तासांना विद्यार्थ्यांना साम्यवादाचा विचार, त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळी आणि त्याच्या नावाने चाललेल्या राजवटी यांची ओळख करून देणे, हा या अध्यापनाचा विषय होय. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्या तरी एक नाहीत आणि शिक्षकाची बहुतेक अडचण येथूनच सुरू होते. कार्ल मार्क्स व फ्रीड्रिख एंगल्स यांनी १८४८ मध्ये जाहीरनाम्यातून मांडलेली भूमिका, १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीनंतर रशियात स्थापन झालेली एकपक्षीय सत्ता आणि निवडणुका लढवून कायदेमंडळात बसणारे पक्ष या साऱ्यांना एकच नाव असल्यामुळे, भेद वेळीच स्पष्ट केला नाही तर विद्यार्थी एकाचे गुणदोष सहज दुसऱ्याच्या माथी मारतो.

विसाव्या शतकाचा बराच काळ हा विषय शीतयुद्धाच्या दोन्ही गोटांत निष्कर्ष आधी ठरवून शिकवला गेला. पूर्व जर्मनीत १९५७ पासून ‘श्टाट्सब्युर्गरकुंडे’ नावाचा राज्यपुरस्कृत नागरिकशास्त्राचा विषय होता. त्यात प्रश्न विचारले जात, पण मान्य उत्तर पक्षाच्या भूमिकेतूनच येई. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याने १९६१ मध्ये, शेजारच्या क्यूबातील क्रांतीच्या सावटाखाली, माध्यमिक शाळांसाठी किमान ३० तासांचा ‘अमेरिकनवाद विरुद्ध साम्यवाद’ हा अभ्यासक्रम कायद्याने सक्तीचा केला आणि कोणत्याही शिक्षकाने वा पाठ्यसामग्रीने साम्यवाद अधिक श्रेयस्कर असल्याचे सुचवू नये, असे कायद्यातच लिहून ठेवले. दोन्हीकडच्या राज्यव्यवस्था मुळात भिन्न होत्या. वर्गाबाहेर विरोधी मत मांडण्याचे जे स्वातंत्र्य फ्लॉरिडातील मुलाला होते, ते पूर्व जर्मनीतील मुलाला नव्हते, आणि हा फरक झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही वर्गात घडणारी क्रिया दोन्हीकडे सारखीच होती : विद्यार्थ्याकडून आकलनाऐवजी निष्ठेची अपेक्षा केली जात होती. अशा अध्यापनाचे काय होते, हे सोव्हिएत संघात १९८८ मध्ये उघड झाले. ग्लासनोस्तच्या, म्हणजे खुलेपणाच्या धोरणाच्या, काळात दडवलेली माहिती बाहेर येऊ लागली, जुनी पाठ्यपुस्तके विश्वासार्ह उरली नाहीत आणि शाळांतील इतिहासाच्या परीक्षा त्या वर्षी रद्द कराव्या लागल्या.

फ्लॉरिडाचा जुना कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. मात्र २०२२ मध्ये त्याच राज्याने ७ नोव्हेंबर हा साम्यवादाच्या बळींचा स्मृतिदिन ठरवून त्यानिमित्त माध्यमिक विद्यार्थ्यांना किमान ४५ मिनिटांचे अध्यापन बंधनकारक केले आणि २०२४ च्या कायद्याने हा विषय २०२६-२७ पासून वयोमानानुसार सर्व इयत्तांत नेण्याचे ठरवले. चीनमध्ये २०२१ मध्ये शी जिनपिंग यांचा विचार प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतच्या अभ्यासक्रमात समाविष्ट करण्यात आला.

निष्ठेऐवजी आकलनाला महत्त्व देणाऱ्या पर्यायी भूमिकेचा सर्वांत नेमका मसुदा पश्चिम जर्मनीत तयार झाला. बॉयटेल्सबाख या गावी १९७६ मध्ये राजकीय शिक्षणाच्या अभ्यासकांची जी परिषद झाली, तिच्यातून तीन तत्त्वे पुढे आली : शिक्षकाने विद्यार्थ्यावर आपले मत लादून त्याची निर्णयशक्ती दडपू नये, समाजात व विद्याक्षेत्रात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडले जावे, आणि विद्यार्थ्याला स्वतःचे हितसंबंध ओळखून राजकीय परिस्थितीचे विश्लेषण करता यावे. यांतील दुसरे तत्त्व पुष्कळदा चुकीचे वाचले जाते. सामूहिक शेतीच्या सक्तीनंतर १९३२-३३ मध्ये सोव्हिएत संघातील युक्रेनमध्ये दुष्काळात लाखो माणसे मेली, यात वाद नाही. तो दुष्काळ हेतुपुरस्सर वंशसंहार होता की निर्दय धोरणाचा परिणाम, यावर मात्र इतिहासकारांत वाद आहे. पहिली गोष्ट मत म्हणून शिकवणे आणि दुसरी निर्विवाद सत्य म्हणून शिकवणे, या दोन्ही चुका सारख्याच गंभीर आहेत.

संकल्पना शिकवताना सर्वाधिक गोंधळ मालमत्तेविषयी होतो. साम्यवादात कपडे आणि पुस्तकेसुद्धा कुणाची स्वतःची नसतात, अशी मुलांची समजूत असते. वस्तुतः मार्क्सचा रोख जमीन, कारखाने, यंत्रे अशा उत्पादनसाधनांच्या खासगी मालकीवर होता. हा भेद समजावण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांतील कामाचे तास आणि बालमजुरी यांच्या नोंदी उपयोगी पडतात, कारण हा विचार असंख्य माणसांना न्याय्य का वाटला याचे उत्तर तेथे सापडते. ते उत्तर वगळले तर पुढील इतिहास केवळ काही दुष्ट व्यक्तींची कृत्ये म्हणून उरतो.

काही वर्गांत याउलट एक खेळ घेतला जातो : सर्वांचे गुण एकत्र करून समान वाटले जातात, हुशार मुले चिडतात आणि शिक्षक ‘हाच साम्यवाद’ असे सांगतो. हा खेळ मुलांच्या चांगला लक्षात राहतो, म्हणूनच त्यातील उणीव मोठी आहे. गुण हे उत्पादनसाधन नव्हे, मार्क्सनेही समान वाटपाची मागणी केली नव्हती, आणि गुप्त पोलीस, श्रमछावण्या, वृत्तपत्रांवरील बंदी यांपैकी काहीही या खेळात दिसत नाही. परिणामी सिद्धांताचे विकृत चित्र उभे राहते आणि राजवटींचे खरे अपराधही सौम्य भासतात.

सामूहिक मृत्यूंचे अध्यापन संयमाने आणि आडपडदा न ठेवता करावे लागते. १९५८ ते १९६२ या काळात चीनच्या ‘मोठ्या झेपे’तून, म्हणजे झपाट्याने औद्योगिकीकरण व सामूहिक शेती लादण्याच्या मोहिमेतून, उद्भवलेल्या दुष्काळातील बळींचे बहुतेक अंदाज दीड ते साडेचार कोटींच्या दरम्यान आहेत. वरच्या इयत्तांत केवळ आकडा न सांगता जनगणना, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि प्रांतीय अहवाल यांवरून असे अंदाज कसे बांधले जातात, हे दाखवले तर विद्यार्थ्याला त्यांतील तफावतीचे कारण कळते. लहान मुलांसाठी एखाद्या कुटुंबाची कहाणी पुरेशी असते. बर्लिनच्या होएनशोएनहाउझेन भागातील पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा तुरुंग १९९४ पासून स्मारक आहे. तेथे पूर्वीचे कैदी स्वतः शालेय गटांना कोठड्या दाखवतात. साक्षीदाराच्या कथनाचा प्रभाव खोल असतो, म्हणून भेटीपूर्वी व भेटीनंतर कागदपत्रांचे वाचन आवश्यक मानले जाते.

सर्वांत कठीण परिस्थिती कंबोडियातील आहे. ख्मेर रूज या साम्यवादी संघटनेच्या १९७५ ते १९७९ मधील राजवटीत सुमारे १५ ते २० लाख लोक मृत्युमुखी पडले. तरी त्यानंतर दीर्घकाळ शालेय पुस्तकांत या काळाविषयी फारच थोडे असे. एकाच वर्गात बळींची आणि छळ करणाऱ्यांची नातवंडे शेजारी बसत असल्याने शिक्षकही हा विषय टाळत. या राजवटीच्या अत्याचारांच्या नोंदी जमवणाऱ्या तेथील प्रलेखन केंद्राने २००७ मध्ये या काळावर स्वतंत्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे शिक्षण मंत्रालयाच्या सहकार्याने ते शिकवण्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले.